ऑपरेशन पुण्यात, सूज गावात

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने कर्करोग धोरण मंजूर केलं, १८ रुग्णालयं तीन स्तरांत बसवली, आणि तेव्हापासून चर्चा आहे ती यंत्रांची. रोबोट कुठे येणार, रेडिएशन कुठे मिळणार, याची. प्रोस्टेटच्या कर्करोगात ही चर्चा अर्ध्यावरच थांबते. ऑपरेशन पुण्यात होतं, पण त्याचा एक त्रास बहुतेकदा रुग्ण घरी पोचल्यावर, दोन ते आठ आठवड्यांत उभा राहतो. तेव्हा तो जुन्नर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत किंवा आहुपे, डिंभ्याच्या बाजूला असतो आणि सर्जन शंभर किलोमीटर लांब. त्रासाचं नाव लिम्फोसील. प्रोस्टेटसोबत ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी काढल्या की तुटलेल्या बारीक वाहिन्यांतून लसिका झिरपत राहते आणि तिचं पाण्याने भरलेलं गळू तयार होतं. रक्तवाहिनी तुटली तर रक्त गोठून तोंड बंद होतं. लसिकेत गोठण्याचा गुण फारच कमी, त्यामुळे ही गळती रेंगाळते. कुकडीच्या पाटाला भोक पडलं तर पाणी जसं सखल जागा शोधतं, तशी ती मूत्राशय आणि ओटीपोटाची भिंत यांच्यामधल्या खोबणीत साचते.

सोनोग्राफी करून शोधलं तर असं पाणी पुष्कळांत सापडतं. एका चाचणीत ते जवळपास निम्म्या रुग्णांत दिसलं. त्यातलं बरंचसं आपोआप जिरतं. प्रश्न आहे शंभरातल्या पाच-दहा जणांचा. त्यांचा एकच पाय सुजतो, लघवीला सारखं जावं लागतं, ओटीपोट जड वाटतं, पाण्यात जंतू शिरले तर थंडी वाजून ताप येतो. पाण्याचा दाब मांडीकडून येणाऱ्या मोठ्या शिरेवर पडला तर तिच्यात रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं.

हे टाळायचं कसं, यावर सर्जन मंडळींनी बरंच डोकं चालवलं आहे. वाहिन्यांना टायटॅनियमच्या क्लिपा लावाव्यात की विजेने डागून बंद कराव्यात? तुलना केली, फरक पडला नाही. मग पोटाच्या आतल्या पडद्याची, म्हणजे पेरिटोनियमची, एक झडप मूत्राशयाला टाके घालून अशी बसवायची की ग्रंथी काढलेली जागा बंद न होता पोटाकडे उघडी राहावी. पडदा पाणी शोषतो, म्हणून कल्पना सुंदर. जर्मनीतल्या पियानोफोर्टे चाचणीत तिचा फायदा दिसला नाही. चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत इथल्या चाचणीत अशाच एका पद्धतीचा फायदा चांगलाच दिसला, आणि नंतरच्या एकत्रित विश्लेषणांचा कल झडपेच्याच बाजूने आहे. काही मिनिटांचं काम, वेगळं यंत्र नको. ते करावंच. पण सगळा भर या टाक्यांवर देणं मला पटत नाही. लिम्फोसील टाळण्याची सुरुवात त्याआधी, एका साध्या प्रश्नाने होते: या रुग्णाच्या ग्रंथी काढायची गरज आहे का?

युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी बरीच वर्षं ५ टक्क्यांची रेषा धरली होती. ग्रंथींत कर्करोग पोचल्याची शक्यता त्याहून जास्त असेल तर त्या काढा, नसेल तर हात लावू नका. ग्रंथी जितक्या जास्त काढाव्यात तितका रुग्ण जास्त बरा होतो, ही समजूत मात्र चाचण्यांत डळमळली. ब्राझीलमध्ये ३०० रुग्णांवर आणि न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये १,४०० हून अधिक रुग्णांवर मर्यादित आणि विस्तृत अशा दोन पद्धती ताडून पाहिल्या. रक्ततपासणीत आजाराची चाहूल देणारा पीएसए पुन्हा वाढण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: न्यूयॉर्कच्याच रुग्णांचा पुढे पाठपुरावा केला तेव्हा विस्तृत गटात आजार दूरवर पसरण्याचं प्रमाण कमी निघालं. शिवाय दोन्ही चाचण्यांत तुलना कमी विरुद्ध जास्त अशी होती. अजिबात नाही विरुद्ध थोड्या, अशी नव्हती. म्हणून सरसकट सोडून द्या असं म्हणता येत नाही. सरसकट काढा असंही म्हणता येत नाही, एवढाच माझा मुद्दा.

इथे मुंबईचं काम महत्त्वाचं ठरतं. टाटा मेमोरियलच्या डॉ. वेदांग मूर्ती यांच्या चमूने जास्त धोक्याच्या २२४ रुग्णांवर २०११ ते २०१७ दरम्यान चाचणी केली आणि निष्कर्ष २०२१ मध्ये छापले. यात शस्त्रक्रिया नव्हती, रेडिएशन होतं. एका गटाला फक्त प्रोस्टेटवर दिलं, दुसऱ्याला ओटीपोटातल्या ग्रंथींवरही. पाच वर्षांनी पीएसएच्या दृष्टीने आजारमुक्त राहिलेले पहिल्या गटात ८१.२ टक्के, दुसऱ्यात ९५ टक्के. एकूण जगण्यात फरक नाही, आणि ग्रंथींवर रेडिएशन घेतलेल्यांना लघवीचा उशिराचा त्रास दुपटीहून जास्त, २० टक्क्यांना झाला. म्हणजे हा फुकटचा सौदा नाही. पण जास्त धोक्याच्या माणसाकडे चाकूखेरीज दुसरी वाट आहे, ती लसिका न सांडता ग्रंथींपर्यंत पोचते, आणि तिचा पुरावा आपल्याच राज्यातला आहे. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी रुग्णासमोर ती मांडली गेली पाहिजे.

कुणी म्हणेल, हे सगळं शहरातल्या तज्ज्ञांनी ठरवायचं, तालुक्याने काय करायचं? तालुक्याने लक्षणं दिसताच एक सोनोग्राफी करायची. प्रत्येकाची नको, कारण आपोआप जिरणारं पाणी पाहून विनाकारण सुई टोचली जाईल, आणि नुसतं सुईने काढलेलं पाणी बरेचदा पुन्हा भरतं. पण ग्रंथी काढलेल्या रुग्णाचा एक पाय सुजला तर ‘शेतात फार उभं राहिलात’ म्हणून गोळ्या देऊन परत पाठवू नये; त्याच दिवशी पोटाची सोनोग्राफी आणि पायाच्या शिरांचा डॉप्लर व्हावा. त्यासाठी डिस्चार्ज कार्डावर मराठीत तीन गोष्टी हव्यात: ग्रंथी काढल्या की नाही, कोणती लक्षणं धोक्याची, आणि कोणत्या नंबरवर फोन करायचा. १८ रुग्णालयांच्या यादीवर इतकी चर्चा झाली. या कार्डाचा नमुना आणि मंचर, नारायणगाव, घोडेगाव, जुन्नरच्या सरकारी रुग्णालयांशी जोडणी हे धोरणाच्या अंमलबजावणीत लेखी यायला हवं. तोवर रुग्णाच्या घरच्यांनीच सर्जनला ऑपरेशनआधी विचारावं: ग्रंथी काढणार का, कशासाठी, आणि झडप बसवणार का?