राळेगावात पाहायला आहे तरी काय?

दिवाळीला नागपूर-पुण्याहून पाहुणे आले की एक वाक्य ठरलेलंच: "तुमच्याकडे पाहायला काही नाही." बाहेरच्यांचं एक वेळ समजू शकतं. आपलीच माणसं त्यावर मान डोलावतात, तेव्हा मात्र राग येतो. कंबोडियाला जाणारे लोक अंगकोरची देवळं झाली की पैसे मोजून आजूबाजूची खेडी हिंडतात, भाताची शेतं आणि ताडाचा गूळ शिजवणाऱ्या कढया पाहतात. तिथलं शेत पाहण्यासारखं आणि आपलं नाही, हे कुणी ठरवलं?

सकाळी रावेरीला जा. राळेगावजवळच आहे. तिथल्या देवळात राम नाही, सीता एकटी आहे. वनवासी सीतेने पसाभर गहू मागितला, गावाने दिला नाही, म्हणून तिच्या शापाने गावात गहू पिकेना, अशी लोककथा. या देवळाचा जीर्णोद्धार शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुढाकार घेऊन करवला. बायकोच्या नावे जमीन करून देण्याची लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली तीही त्यांनीच.

तिथून वावरात. पाहुणे फुटलेल्या बोंडाचा फोटो काढून खाली 'कापसाचं फूल' लिहितात. अहो, ते फूल नव्हे! फूल उमलतं ते फिकट पिवळसर, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि गळतं. मग बोंड धरतं आणि साधारण दीड महिन्याने फुटतं. पांढरा दिसतो तो सरकीवर वाढलेला धागा. एक बोंड स्वतः वेचा, म्हणजे त्याची वाळलेली टोकं बोटांना कशी ओरबाडतात ते कळेल. पहिल्या वेच्याआधी आपल्याकडे सीतादही करतात, वावरातच दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. सीता या शब्दाचा मूळ अर्थच नांगराचं तास. सकाळी देवळात पाहिलेली सीता दुपारी अशी शेतात भेटते. परतताना कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या देवळाच्या पायऱ्या उतरा. दिवस भरला.

हे सांगितलं की काही ठरलेली वाक्यं ऐकू येतात. 'कृषी पर्यटनाला मोठी जमीन आणि रिसॉर्ट लागतं.' चूक. राज्याच्या २०२० च्या धोरणानुसार एक एकरवालाही नोंदणी करू शकतो. दिवसाच्या सहलीला सावली, पाणी, स्वच्छ संडास आणि झुणका-भाकर पुरते.

'तिकडे वाघ आहे.' तेरा माणसांचे बळी जिच्या नावावर होते ती टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी बोराटीजवळ मारली गेली. परिसरात वाघ आजही फिरतात. म्हणून शेतमालकासोबत, दिवसाउजेडीच जा.

'शेतात केव्हाही शिरलं तरी चालतं.' फवारणी सुरू असताना अजिबात नाही. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने याच यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-शेतमजूर दगावले आहेत.

आणि एक विनंती. वेचणाऱ्या बायांना किलोमागे मजुरी मिळते. तुमच्याशी बोलण्यात त्यांचा तास गेला, तर त्या तासाचे पैसे त्यांच्या हातात द्या.