पित्ताची गोळी आणि बसलेला आवाज

"डॉक्टर, पित्त घशाशी येतंय, गोळी लिहून द्या," असे म्हणत रोज दोन-चार रुग्ण तरी माझ्या दवाखान्यात येतात. बहुतेकांचे निदान बरोबरच असते. तरीही काही वर्षांपूर्वी एका एस.टी. कंडक्टरने मला जो धडा शिकवला, तो वाचकांना सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

गृहस्थ पन्नाशीचे. तंबाखूची जुनी सवय, ड्यूटीमुळे जेवणाच्या वेळा चुकलेल्या. छातीत जळजळ आणि आवाज बसलेला. मी पित्ताच्या गोळ्या दिल्या. जळजळ थांबली, आवाज मात्र घोगराच राहिला. मी गोळ्या चालू ठेवल्या. दोन महिने असेच गेले. अखेर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले, तेव्हा स्वरतंतूवर गाठ निघाली. तुकडा तपासला, तो कर्करोगाचा होता. सुदैवाने आजार सुरुवातीचाच होता. किरणोपचाराने ते बरे झाले, आवाजही टिकला. पण वाया गेलेले ते दोन महिने माझ्या नावावर आहेत.

असे का होते? अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली की जठरातले आम्ल वर येते. अन्ननलिकेत आले तर छातीत जळजळते. घशापर्यंत पोचले तर स्वरयंत्राला सूज येते. घशाचे अस्तर नाजूक असते, त्याला थोडेसे आम्लही सोसत नाही. म्हणून काहींना जळजळ मुळीच होत नाही, पण सारखे खाकरावे लागते, कोरडा खोकला येतो, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, सकाळी आवाज जड असतो.

अडचण अशी की अ‍ॅलर्जी, सायनस, आवाजाचा अतिवापर आणि गाठ यांचीही लक्षणे अशीच असतात. मी जीभ दाबून बॅटरीच्या उजेडात पाहतो, तेव्हा मला टॉन्सिल दिसतात, स्वरतंतू दिसत नाहीत. ते आणखी खाली असतात. तिथले अंदाजाने सांगणे धोक्याचे.

म्हणून हा नियम लक्षात ठेवावा. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असेल, तर गोळ्यांचा कोर्स संपण्याची वाट न पाहता घशाच्या तज्ज्ञांकडे जावे. पुढील लक्षणे असतील तर तीन आठवडेही थांबू नये :

१) घास गिळताना अडकणे किंवा दुखणे
२) मानेत गाठ लागणे
३) थुंकीतून रक्त येणे
४) घशाबरोबर एकाच कानात सतत दुखणे
५) कारण नसताना वजन घटणे

तंबाखू, मिसरी, गुटखा, विडी किंवा दारूची सवय असणाऱ्यांनी तर अधिकच जागरूक राहावे. श्वास घेताना शिटीसारखा आवाज येत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घास छातीत अडकतो, शौचाला डांबरासारखे काळे होते, अशांनी पोटविकार तज्ज्ञांना दाखवावे. आणि छातीतले दुखणे हातात किंवा जबड्यात जात असून घाम फुटत असेल, तर ते पित्त समजून सोडा पीत बसू नये. ते हृदयाचे असू शकते.

तपासणीची भीती नको. घसा बधिर करण्याचा फवारा मारून नाकातून किंवा तोंडातून बारीक दुर्बीण घालतात. काही मिनिटांचे काम. पूर्ण भूल लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही ही सोय असते.

तपासणीत पित्तच निघाले, तर उत्तमच. रात्रीचे जेवण झोपण्याआधी तीन तास उरकावे. नुसती उशी उंच करण्याऐवजी खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवाव्यात. वाढलेले वजन उतरवावे, तंबाखू सोडावी, चहा व तळलेले कमी करावे. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्याव्यात. मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेऊ नयेत.

ते कंडक्टर आता निवृत्त झाले आहेत. रक्तदाब तपासायला येतात, तेव्हा वेटिंगमध्ये कोणी घोगऱ्या आवाजात पित्ताची तक्रार करताना दिसला, की त्याला स्वतःच विचारतात, "किती दिवस झाले?" आता मीही प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच विचारतो.