निकालपत्रक वाचताना

२००४ पासून भरणाऱ्या मुंबई मॅरेथॉनचा निकाल हाती पडताच बहुतेक हौशी धावपटू एकूण वेळेचा आकडा पाहतात, गतवर्षीच्या आकड्याशी ताडून हर्ष वा खेद व्यक्त करतात आणि तेथेच दप्तर बांधून ठेवतात. परंतु ज्याला आपल्या परिश्रमांचा खरा हिशेब मांडावयाचा आहे, त्याने प्रथम ‘गन टाइम’ व ‘चिप टाइम’ यांतील तफावत पाहावी, कारण मागच्या रांगेतून प्रारंभरेषेपर्यंत पोहोचण्यात गेलेली मिनिटे केवळ पहिल्यातच धरली जातात. त्याहून बोलका तपशील टप्प्याटप्प्यांच्या वेळांचा. ४२.१९५ किलोमीटरांच्या या शर्यतीत पहाटेच्या गारव्यात उत्साहाने उधळलेली शक्ती तिसाव्या किलोमीटरानंतर, स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा आटू लागताच, सव्याज वसूल होते, आणि पुढे, ऊन व दमट हवा यांच्या साक्षीने, पेडर रोडचा चढ उभा ठाकतो. (त्या चढाला दूषणे देणे हा आता जवळजवळ रूढाचारच झाला आहे, माझ्या मते तो बराचसा निरपराध आहे.) उत्तरार्धाला पूर्वार्धापेक्षा वीस-पंचवीस मिनिटे अधिक लागली असतील, तर जाब पहिल्या दहा किलोमीटरांना विचारावा. बर्लिनच्या सपाट, शीतल मार्गावरील वेळेशी मुंबईची वेळ ताडून पाहणारे काही स्नेही आहेत. त्यांच्याशी मी वाद घालीत नाही.