वटवाघूळ आणि रेबीज

'वटवाघळाला रेबीज होत नाही, ते तो फक्त पसरवते' असे विधान आपण अधूनमधून ऐकतो. हे अर्धसत्य आहे. विषाणू मेंदूत शिरला की वटवाघूळही मरते. प्रयोगशाळेत तो थेट मेंदूत टोचला तर ते दगावते. स्नायूत टोचला तर मात्र काही वटवाघळे आजारी न पडता निभावतात. अमेरिका खंडात रानातल्या धडधाकट वटवाघळांच्या रक्तातही रेबीजविरोधी प्रतिपिंडे आढळतात, म्हणजे विषाणूशी गाठ पडूनही ती जगली. तेव्हा प्रश्न असा, की दंशापासून मेंदूपर्यंतच्या वाटेवर घडते काय?

रेबीजचा विषाणू चोरपावलांनी चालतो. चाव्याच्या जागी स्नायूत तो काही काळ रेंगाळतो, मग मज्जातंतूच्या टोकातून आत शिरून उलट दिशेने मेंदूकडे सरकतो. पेशीला परक्याची चाहूल लागली की ती इंटरफेरॉन नावाचे रसायन सोडून शेजारणींना सावध करते. हे रसायन १९५७ साली उजेडात आले. जन्मजात प्रतिकारशक्तीची ही पहिली फळी. रेबीजच्या अवघ्या पाच प्रथिनांपैकी 'पी' हे एक प्रथिन नेमकी हीच हाकाटी दाबते. माणसात तेवढ्याने घात होतो.

आता वटवाघळाकडे वळू. ऑस्ट्रेलियातील काळ्या फलाहारी वटवाघळात काही इंटरफेरॉने संसर्ग नसतानाही सतत तयार होत असतात, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. पहारेकरी झोपतच नाही म्हणा ना! पण सतत जागा पहारा घरच्यांनाच मारू लागला तर? म्हणून दुसरी सोय आहे. पेशीतील 'स्टिंग' नावाचे सूचक प्रथिन वटवाघळांत बदललेले, मंदावलेले आहे. दाह भडकवणारी 'एनएलआरपी३' ही यंत्रणाही सौम्य आहे. उडताना शरीर तापते, पेशींची मोडतोड होते; त्या मोडतोडीवर दरवेळी दाह उसळू नये म्हणून हे बदल टिकले असावेत, असा एक तर्क मांडला जातो.

इथे सावध राहिले पाहिजे. वरील प्रयोग बहुतांशी फलाहारी वटवाघळांवरचे, आणि रेबीजचे नव्हेत. वटवाघळांच्या चौदाशेच्या आसपास जाती आहेत. एकीचे गुण सर्वांना चिकटवणे हा उतावीळपणा होईल.

भारतात माणसाला रेबीज होतो तो बहुतांशी कुत्र्याकडून. अमेरिकेत मात्र देशातल्या देशात होणाऱ्या मानवी रेबीजमागे प्रामुख्याने वटवाघळेच असतात, आणि त्यांच्या दातांची खूण इतकी बारीक की चावा कळतही नाही. म्हणून घरात शिरलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने धरू नये. चावा वा ओरखडा असल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवून लगेच लशीसाठी दवाखाना गाठावा.

मग सगळी मारून का टाकू नयेत? रक्तपिपासू वटवाघळांचा रेबीजशी असलेला संबंध डॉ. जोसेफ पावन यांनी त्रिनिदादमध्ये दाखवून दिला, त्याला आता नव्वदहून अधिक वर्षे झाली. पुढे लॅटिन अमेरिकेत या वटवाघळांच्या पाठीला विषारी मलम फासून सोडण्याची पद्धत रूढ झाली. परतल्यावर सोबती ते चाटतात नि मरतात. पेरू देशात पाहिले, तर अशा मोहिमांनी वटवाघळांतील संसर्ग कमी झालेला दिसला नाही. विषाणूशी लढून तगलेली जुनी वटवाघळे जातात आणि त्यांच्या जागी नवी, अनोळखी येतात, असा संशोधकांचा कयास आहे.