रात्रीचा रस्ता (लेखांक ६) : डिप्पर कोण देणार?

ट्रकच्या पाठीवर रंगवलेल्या मजकुरांपैकी 'हॉर्न ओके प्लीज'चे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्याच फळीवर बहुधा 'यूज डिपर ॲट नाइट' असेही लिहिलेले असते, आणि ते मागच्या गाडीवाल्याने वाचावे अशी अपेक्षा असते. तुझ्या अप्परचा झोत माझ्या आरशांत घुसतो आहे, तेवढा खाली घे, एवढेच त्याचे म्हणणे. ही विनंती वाचायची जबाबदारी आता कॅमेऱ्याकडे जाऊ लागली आहे. २०२१ मध्ये भारतात आलेल्या एमजी ॲस्टर आणि महिंद्रा एक्सयूव्ही ७०० या गाड्यांनी स्वयंचलित अप्परची सोय मध्यम किमतीच्या गटात आणली, आणि आता चालक-साहाय्याच्या यादीत ती सर्रास दिसते. माहितीपत्रकात तिला 'हाय बीम असिस्ट' म्हणतात. रस्ता मोकळा असला की अप्पर लावायचा, समोर कोणी आले की डिप्परवर यायचे, पुन्हा मोकळे झाले की पुन्हा अप्पर. ऐकायला इतके सोपे, की यात चुकण्यासारखे काय आहे असे वाटावे. पण या यंत्रणेला समोरचा माणूस दिसत नाही, त्याचा दिवा दिसतो. आणि ती चुकली तर त्याची झळ बहुतेक वेळा गाडी विकत घेणाऱ्याला न बसता समोरून येणाऱ्याला बसते. तिच्यावर कुठे विसंबावे आणि कुठे नाही, हे या दोन गोष्टींवरून ठरते.

आधी तिच्या बाजूचे सांगायला हवे, कारण ते भक्कम आहे. डिप्परचा उपयोगी उजेड साधारण पन्नास-साठ मीटरपर्यंत पोचतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. काहीतरी आडवे आले हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यातच ३३ मीटर जातात. त्यापुढे कोरड्या डांबरावर जोराचा ब्रेक मारून गाडी थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. बेरीज ६८. म्हणजे केवळ डिप्परवर ८० ने जाणारा माणूस आपल्याला दिसते त्यापेक्षा जास्त अंतरात थांबणारी गाडी हाकत असतो. तरीही लोक अप्पर लावत नाहीत. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने, आयआयएचएसने, मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर परिसरात पाहणी केली, तेव्हा पुढेमागे कोणी नसलेल्या, अप्पर लावायला पूर्ण मोकळीक असलेल्या गाड्यांपैकी सरासरी १८ टक्क्यांनीच तो लावलेला आढळला. आपल्याकडचे दुखणे उलट्या टोकाचे: एकदा लावलेला अप्पर गाव आले तरी उतरत नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच कंटाळा आहे. तासाभरात पन्नास-साठ वेळा दांडी पुढेमागे करणे माणसाला होत नाही, यंत्राला होते. 'माणूस तरी कुठे डिप्पर देतो?' हा या यंत्रणेच्या समर्थकांचा पहिला प्रश्न आहे, आणि सरळ, मोकळ्या रस्त्यापुरता तो बिनतोड आहे.

आता ते यंत्र पाहते कसे? पहिला प्रयत्न सत्तर वर्षांहून जुना आहे. जनरल मोटर्सने १९५२ मध्ये कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल गाड्यांत 'ऑट्रॉनिक आय' नावाची वस्तू दिली: डॅशबोर्डवर बसवलेली प्रकाशनळी. तिच्यावर पुरेसा उजेड पडला की दिवे डिप्परवर जात. उजेड किती आहे एवढेच तिला कळे. तो गाडीचा आहे, रस्त्यावरच्या खांबाचा की दुकानाच्या पाटीचा, हे कळायला काही साधनच नव्हते. आजचा कॅमेरा आरशामागे, काचेला चिकटून बसतो आणि उजेडाला आकार, रंग आणि हालचाल असते हे त्याला ठाऊक असते. अशा अनेक कॅमेऱ्यांच्या संवेदकावर मोबाइलच्या कॅमेऱ्यासारखी तिरंगी गाळणी नसते. दर चार बिंदूंपैकी तीन उघडे आणि एक लाल गाळणीआड. उघड्या बिंदूंइतकाच लाल बिंदूही उजळला, तर तो पुढच्या गाडीचा मागचा दिवा. लाल बिंदू त्या मानाने मंद राहिला, तर समोरून येणारा पांढरा दिवा. त्यानंतर जोडी पाहायची: दोन ठिपके एका पातळीत, बरोबर सरकणारे, हळूहळू एकमेकांपासून दूर होणारे म्हणजे जवळ येणारी गाडी. रस्त्यावरचे दिवे उंचावर असतात आणि चौकटीच्या वरच्या कडेने निघून जातात. सर्वांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे रस्त्याकडेचा फलक. त्यावरचा रेडियमचा पत्रा आपलाच उजेड आपल्याला परत करतो, आणि कॅमेऱ्याला वाटते की कोणीतरी आले. अप्पर उतरला की फलक विझतो, विझला की रस्ता मोकळा वाटतो, अप्पर पुन्हा लागतो आणि फलक पुन्हा पेटतो. या शिवाशिवीत सापडू नये म्हणून संगणकाला ठिपक्यांच्या हालचालीवर नजर ठेवावी लागते आणि थोडा दमही धरावा लागतो.

हे सगळे किती लांबून जमले पाहिजे, हे संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियम क्रमांक ४८ मध्ये आकड्यांनी लिहिलेले आहे. सपाट, सरळ रस्त्यावर समोरून येणारे मोटार वाहन निदान ४०० मीटरवरून ओळखता आले पाहिजे, पुढे जाणारे निदान १०० मीटरवरून, आणि समोरची सायकल ७५ मीटरवरून. चारशे मीटरवर मोटारीच्या दोन दिव्यांमधले अंतर पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या निम्मेही दिसत नाही. त्या मानाने कॅमेऱ्याची कामगिरी खरोखर थोर म्हटली पाहिजे. तरी या तीन आकड्यांतच यंत्रणेची मर्यादा कबूल केलेली आहे. मागचा दिवा पुढच्या दिव्याच्या तुलनेत इतका मंद, की त्याला चौपट सवलत. सायकलची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिथे नियमाने एक विशिष्ट तीव्रतेचा पांढरा दिवा गृहीत धरला आहे, म्हणजे दिवा असलेली सायकल. दिवा नसलेला सायकलस्वार आणि पायी चालणारा माणूस हे या हिशेबात नाहीतच.

'सपाट, सरळ' हे शब्दही नीट वाचावेत. घाटात रात्री गाडी चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक असते की समोरची गाडी दिसण्याआधी तिचा उजेड दिसतो. वळणापलीकडच्या कातळावर, झाडांच्या शेंड्यांवर, कठड्याच्या पांढऱ्या पट्ट्यांवर तो सरकत येतो, आणि चालक दिवा डोळ्यांसमोर यायच्या आधीच डिप्पर देतो. ही खूण अनेक यंत्रणांना पकडता येत नाही. त्या प्रत्यक्ष दिव्याची वाट पाहतात. आंबोलीच्या किंवा वरंधच्या घाटात वळणावर दोन गाड्या एकमेकींना ६० मीटरवर प्रथम दिसतात, दोघी ताशी ४० ने येत असतात, म्हणजे गाठ पडायला पावणेतीन सेकंद. त्यातला ओळख पटण्याचा आणि दिवा उतरण्याचा वेळ समोरच्याच्या डोळ्यांनी सोसायचा. किती सोसायचे, याचा हिशेब करता येतो. त्याच नियमाप्रमाणे एका गाडीच्या सगळ्या अप्पर दिव्यांची मिळून कमाल तीव्रता ४,३०,००० कॅंडेला असू शकते. झोताच्या ऐन मध्यात ४०० मीटरवर ती सुमारे २.७ लक्स भरते, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याच्या दहापट. अंतर ५० मीटरवर आले की १७२ लक्स. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर हे पडले की पुढचे काही सेकंद रस्ता नाहीसा होतो, आणि मोतीबिंदू धरू लागलेल्या डोळ्यांत उजेड आणखी विखुरतो. दुभाजक असलेल्या महामार्गावर वेगळाच पेच आहे. मधल्या कण्हेरीच्या आणि बोगनवेलीच्या रांगेमागे ट्रकचे दिवे झाकले जातात, पण चालक दोन मीटरहून उंच बसलेला असतो. झुडपांवरून तुमचा झोत थेट त्याच्या डोळ्यांत जातो. कॅमेऱ्याच्या दृष्टीने मात्र पलीकडे कोणीच नसते.

गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या रात्रभर चालू असतात. मागचा दिवा बहुधा नसतो, असला तर बाहेर आलेल्या उसाआड जातो. इथे यंत्रणा आंधळी ठरते हे खरे, पण त्याने बिघडत नाही. तिला काही दिसत नाही म्हणून अप्पर चालू राहतो, आणि अप्पर चालू राहतो म्हणून चालकाला ट्रॉली लांबून दिसते. पायी चालणाऱ्याचेही तसेच. त्याचे डोळे दिपतात, पण तो गाडीवाल्याला दिसतो, आणि या दोन्हींत दुसऱ्याचे मोल जास्त. म्हणून 'भारतात बिनदिव्याची वाहने फार, म्हणून ही सोय इथे कुचकामी' हा सरसकट आक्षेप मला पटत नाही. धोका बिनदिव्याच्या वाहनापेक्षा अर्ध्या दिव्याच्या वाहनात जास्त आहे. एक दिवा गेलेला टेम्पो, मंद दिव्याची जुनी दुचाकी, चिखलाने माखलेल्या काचेमागचा पिवळट उजेड: यांना जोडी नाही, तेज नाही, आणि खांबाच्या किंवा घराच्या दिव्यात ते सहज मिसळून जातात. नव्या दुचाकींचा पुढचा दिवा १ एप्रिल २०१७ पासून कायम चालू राहतो, एवढी एक गोष्ट कॅमेऱ्याच्या पथ्यावर पडली आहे.

दुसरा मोठा आक्षेप तंत्रज्ञांकडून येतो: अप्पर की डिप्पर ही निवडच आता जुनी झाली. ऑडीने २०१३ मध्ये ए८ गाडीत प्रत्येक बाजूच्या अप्परचे २५ एलईडींमध्ये तुकडे केले, आणि समोरच्या गाडीवर पडणारे तेवढे विझवून बाकीचा रस्ता उजळलेला ठेवला. मर्सिडीजच्या 'डिजिटल लाइट'मध्ये दर दिव्यामागे १३ लाख सूक्ष्म आरसे आहेत. अमेरिकेने अशा दिव्यांना फेब्रुवारी २०२२ मध्ये परवानगी दिली. टोयोटाने त्यासाठी २०१३ मध्येच अर्ज केला होता. प्रगती मोठी आहे, यात वाद नाही. पण सावली कितीही रेखीव कापता आली तरी ती कुणावर धरायची हे सांगणारा तोच काचेमागचा कॅमेरा आहे. कण्हेरीमागचा ट्रकचालक त्याला २५ एलईडी असताना दिसत नाही, १३ लाख आरसे असतानाही दिसत नाही. आणि अप्पर बंद ठेवण्याऐवजी चालू ठेवून भोक पाडणे हा या पद्धतीचा पायाच असल्याने, ओळख चुकली तर झोत पूर्णच पडतो.

तिसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. आपल्या रस्त्यावर डोळे दिपतात ते अप्परनेच असे नाही. बाजारातून आणून मूळच्या हॅलोजनच्या वाडग्यात बसवलेल्या एलईडीने आणि वर तोंड झालेल्या डिप्परनेही दिपतात. डिप्परचा झोत साधारण एक टक्का खाली झुकलेला असतो, म्हणजे ५० मीटरवर अर्धा मीटर. मागच्या सीटवर तिघे आणि डिकीत सामान भरले की गाडीचे नाक वर होते आणि तो उतार संपतो. दिव्यांची पातळी बदलणारी छोटी चकती यासाठीच असते, आणि तिला हात न लावता गाड्या म्हाताऱ्या होतात. यावर कॅमेऱ्याकडे काहीच इलाज नाही. त्याने अगदी वेळेवर डिप्पर दिला, पण डिप्परच वर पाहत असेल, तर समोरच्याला फरक कळणार नाही. हे मान्य करूनही मूळ मुद्दा हलत नाही: दिवे नीट लावून घेणे हे गॅरेजचे काम, आणि ते झाले तरी घाटातला आणि दुभाजकावरचा प्रश्न उरतोच.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. वायपरने पुसला जाणारा काचेचा वरचा मधला भाग हेच कॅमेऱ्याचे भिंग समजावे. तिथे तेलकट थर, लाल धूळ किंवा आतून बाष्प धरले की ठिपक्यांच्या कडा पसरतात. धुक्यात तर अप्पर स्वतःच्याच डोळ्यांवर उलटतो. जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत पाऊस, धुके, वळण, चढ-उतार आणि मळकी काच यांची यादी दिलेली असते आणि शेवटी जबाबदारी चालकाची असे म्हटलेले असते. ती यादी वाचली तर आपल्याकडच्या निम्म्या रात्री तीत बसतात.

तेव्हा समृद्धी महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर ही सोय जरूर वापरावी. घाट लागला, झुडपांचा दुभाजक आला किंवा काचेवर पाऊस ओघळू लागला की ती बंद करून हात दांडीवर ठेवावा. आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम कायम खाली न झुकलेला दिवा 'चालकाला' खाली करता आला पाहिजे असे म्हणतो, आणि त्यासाठी दिव्यापासून ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेला एक डोळा डोळ्यांसमोर ठेवतो. युरोपीय नियम ४८ त्याहून स्पष्ट आहे: अप्पर आणि त्याची स्वयंचलित व्यवस्था बंद करण्याची क्रिया साधी आणि तात्काळ असली पाहिजे, पडद्यावरच्या मेन्यूत शिरून ती शोधायला लावायला परवानगी नाही.