कॅसेटवरचं हळुवार दालन

कॅसेटयुगातल्या भूमिगत इलेक्ट्रॉनिक संगीताचा विषय निघाला की आमच्यातले काही जाणकार थ्रॉबिंग ग्रिसल या गटापाशी सुरू करतात आणि गोंगाटातच मुक्काम ठोकतात. जितकं कर्कश तितकं अस्सल, हा त्यांचा हिशोब मला कधीच पटला नाही.

माझा जीव जडला तो सॉलिड स्पेस या जोडीवर. डॅन गोल्डस्टीन आणि मॅफ व्हॉसबर्ग हे दोन इंग्रज दोस्त. 1982 मध्ये इन फेझ या छोट्या लेबलने त्यांचा ‘स्पेस म्युझियम’ हा अल्बम काढला, तोही फक्त कॅसेटवर. नाव ‘डॉक्टर हू’ मालिकेच्या 1965 मधल्या एका कथेचं. ‘टेन्थ प्लॅनेट’, ‘अर्थशॉक’ ही गाण्यांची नावंही तिथलीच. ड्रम मशीनचा बारीक ठेका, किरट्या कीबोर्डच्या दोन-चार सुरांची धून, मध्येच गिटार, आणि शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय अशा बेताने गाणारा आवाज. पोरवयातलं एकटेपण या संगीतात जसं उतरलंय, तसं मोठमोठ्या स्टुडिओंतही क्वचितच उतरलं.

याला ‘पोरखेळ’ म्हणणाऱ्यांनी त्या काळची साधनं आठवावीत. 1978 चा पिवळा-काळा वास्प सिंथेसायझर: पट्ट्या दाबल्या जात नसत, नुसतं बोट टेकवायचं. 1979 मध्ये टीॲकचा पोर्टास्टुडिओ आला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, पण फीत दुप्पट वेगाने आणि एकाच दिशेने; साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम पंधरा मिनिटं मावत. पाचवं वाद्य हवं असेल तर आधीचे तीन ट्रॅक मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी पुढचं वाजवायचं. एकदा मिसळलं की ड्रम वेगळा काढता येत नसे, आणि दर खेपेला खरखर वाढे. घरोघरच्या अशा यंत्रांवर काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे वाजवण्याआधीच ठरवावं लागे. त्या काटकसरीतून या संगीताचा मोकळा, विरळ बाज घडला, असं माझं ठाम मत आहे.

2017 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डार्क एन्ट्रीज या लेबलने ‘स्पेस म्युझियम’ रेकॉर्डवर आणला. पस्तीस वर्षांनी का होईना, दाद मिळाली. पण आज त्या काळाचं होतंय काय? कॅसेटची खरखर सॉफ्टवेअरमध्ये विकत मिळते, ती गुळगुळीत गाण्यावर भुरभुरली की झालं ‘जुनं’. नव्या कॅसेटा शेल्फवर सीलबंद शोभतात. ट्रॅक हवे तेवढे मिळतात, म्हणून गाणं महिनोन्‌महिने अर्धवट पडून राहतं.

त्या काळाचं प्रेम असलेल्या तरुणांनी खरखर विकत घेऊ नये. चारच ट्रॅक घ्यावेत, मागे फिरायची सोय बंद करावी आणि गाणं पुरं करावं.