चावी कोणाच्या हाती?

२००६ साली मेक्सिकोत डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या कार्यकर्त्यांची परिषद भरली होती. तिथे नेहमीचा एक कार्यक्रम झाला. मंडळी रांगेत उभी राहिली, एकमेकांचे पासपोर्ट पाहू लागली, चेहरा फोटोशी ताडून हातातल्या कागदावर चाळीस अंकाक्षरांच्या ओळीपुढे खूण करू लागली. रांगेतल्या एकाने मात्र कोणत्याही सरकारने न दिलेलं, एका काल्पनिक प्रजासत्ताकाचं ओळखपत्र पुढे केलं. बहुतेकांच्या ते लक्षातही आलं नाही. पुढे त्यानेच ते उघड केलं आणि मोठा वाद उसळला.

एका कार्डावरून एवढं रान उठायला कारण होतं. ती चाळीस अंकाक्षरं म्हणजे त्या माणसाच्या डिजिटल चावीचा ठसा, आणि पासपोर्ट पाहून केलेली खूण म्हणजे ती चावी त्याचीच, अशी सही करायची तयारी. डेबियनच्या भांडारात सॉफ्टवेअर चढवायचं, तर त्यावर अशा चावीची सही लागते. भांडारातून ते जगभरच्या सर्व्हरवर आणि घरच्या लॅपटॉपवर उतरतं, आणि बसवताना त्या यंत्राचे सगळे अधिकार त्याच्या हाती असतात.

इयान मरडॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियनच्या २०२३ च्या ‘बुकवर्म’ आवृत्तीत ६४ हजारांहून जास्त पॅकेजेस होती. प्रत्येकाचा कोणी ना कोणी मेंटेनर असावा, अशी अपेक्षा असते. सॉफ्टवेअर लिहिणारा वेगळा, मेंटेनर वेगळा. मेंटेनर मूळ लेखकाचा कोड घेतो, त्यातल्या फायलींचे परवाने तपासतो, हे पॅकेज चालायला आणखी कोणती पॅकेजेस लागतील ते नोंदवतो, वापरणाऱ्यांच्या तक्रारी निस्तरतो आणि सुरक्षेतली भोकं बुजवतो. मराठी मजकूर दाखवणारा ‘लोहित देवनागरी’ हा फॉन्टही डेबियनमध्ये असाच पॅकेज होऊन येतो. या कामाचा पगार डेबियन देत नाही.

नवख्याला थेट चावी मिळत नाही. तो आधी एखादं छोटं पॅकेज हाती घेतो, बहुधा जुन्या मेंटेनरने सोडून दिलेलं. अशा पॅकेजांना तिथे ‘अनाथ’च म्हणतात. त्याने केलेलं काम एखादा जुना डेव्हलपर तपासतो आणि स्वतःच्या सहीने भांडारात पाठवतो. तो त्याचा प्रायोजक. काम भरवशाचं दिसलं, की ‘डेबियन मेंटेनर’ हा दर्जा मिळू शकतो. ही पायरी २००७ मध्ये आली. त्यात नेमून दिलेली पॅकेजेसच स्वतः चढवता येतात. सगळं भांडार खुलं होतं ते ‘डेबियन डेव्हलपर’ झाल्यावर. त्यासाठी कुणा डेव्हलपरची शिफारस लागते, चावीवर जुन्या सदस्यांच्या सह्या लागतात, आणि परवाने, कार्यपद्धती व तांत्रिक कौशल्य यांवरची प्रश्नोत्तरं होतात. यात कित्येक महिने जातात. त्यानंतर दरवर्षी होणाऱ्या प्रकल्पप्रमुखाच्या निवडणुकीत मतही देता येतं.

एवढी चाळण लावूनही चूक होते. २००६ मध्ये डेबियनमधल्या, सांकेतिक चाव्या बनवणाऱ्या ओपनएसएसएल पॅकेजमधून कोडच्या काही ओळी काढल्या गेल्या. स्मृती तपासणारं एक साधन त्यांच्याविषयी कुरकुरत होतं, म्हणून हेतू साफसफाईचाच होता. पण त्यामुळे यादृच्छिक आकडे बनवण्याची सोय जवळजवळ बंद पडली, आणि एका प्रकारच्या, एका लांबीच्या चाव्या जेमतेम ३२,७६८ उरल्या. संगणकाला एवढ्या चाव्या लावून पाहायला फार वेळ लागत नाही. मे २००८ मध्ये हे उजेडात आलं तेव्हा असंख्य सर्व्हरच्या चाव्या बदलाव्या लागल्या.

दुसरी घटना खोटेपणाची. फायली आवळून लहान करणारं ‘एक्सझेड’ हे साधन एकच थकलेला स्वयंसेवक सांभाळत होता. ‘जिया तान’ नावाच्या कुणीतरी २०२१ पासून मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात वावर सुरू केला आणि या साधनाला उपयोगी सुधारणा पाठवल्या. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी मूळ मेंटेनरवर मदतनीस नेमण्यासाठी तगादा लावला. जिया तानला अधिकार मिळाले, आणि २०२४ च्या सुरुवातीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दूरस्थ लॉगिनमध्ये घुसण्याची चोरवाट आली. तिने डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी शाखांपर्यंत मजल मारली.

तिथेच ती सापडली. अस्थिर शाखेवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे खटकलं. त्यांनी माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळं उघड केलं. नवं पॅकेज आधी अस्थिर, मग चाचणी, मग स्थिर शाखेत जायचं, हा डेबियनचा शिरस्ता. त्यामुळे स्थिर आवृत्ती वाचली. जिया तान कोण, हे मात्र आजही उघड झालेलं नाही.

मेक्सिकोत कार्ड खोटं होतं आणि माणूस ओळखीचा. इथे कार्ड कुणी मागितलंच नव्हतं, आणि काम दोन वर्षं चोख होतं. म्हणून प्रायोजक नवख्याच्या कागदपत्रांइतकंच त्याच्या बारीकसारीक कामाकडे बघतो. अनाथांच्या यादीतून कुणीतरी नवखं एखादं पॅकेज उचलतं, आठवडाभर खपून पाठवतं, आणि ते परत येतं : एका फायलीचा परवाना नोंदवायचा राहिलाय. तो नोंदवून पुन्हा पाठवलं, की प्रायोजक पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागतो.